निळं ग्रीन कार्ड आणि स्वतःचा घोडा

लेकीच्या बाळंतपणासाठी अमेरिकेला निघालेल्या मावशी व्हिसाचा फॉर्म भरायला बसतात. नाव, गाव, आईवडिलांच्या जन्मतारखा, इथपर्यंत सगळं सुरळीत. मग फॉर्मचा नूर पालटतो. तुम्ही हेरगिरीसाठी चाललात का? घातपातासाठी? वंशसंहारात कधी भाग घेतला होता का? वेश्याव्यवसाय करायचा विचार आहे का? मावशींच्या बॅगेत डिंकाचे लाडू, बाळंतशेपा आणि जुन्या धुवट साडीची दुपटी. त्या चष्म्यावरून बघतात आणि म्हणतात, "अगं बाई, हे मला विचारतायत?"

मावशींना नाहीच विचारत. हे प्रश्न जुने आहेत. अमेरिकेच्या कायद्याची खोडच अशी, की कुठल्या तरी साली कुठल्या तरी माणसांची धास्ती बसते आणि कायद्यात एक कलम, फॉर्मवर एक प्रश्न वाढतो. धास्ती पुढे विरून जाते, प्रश्न मात्र घरातल्या जुन्या ट्रंकेसारखा तिथेच राहतो. वेश्याव्यवसायाचा प्रश्न 1875 चा. बहुपत्नीकांना बंदी 1891 ची. अराजकवादी 1903 चे. त्या ट्रंकेतून निघालेल्या या काही वस्तू.

राजा माणसं येऊ देत नाही हो!

1776 च्या स्वातंत्र्याच्या जाहीरनाम्यात इंग्लंडच्या तिसऱ्या जॉर्जविरुद्ध आरोपांची लांबलचक यादी आहे. त्यातला एक आरोप असा, की हा राजा परदेशी लोकांना नागरिक करून घेण्याच्या कायद्यांत खोडा घालतो आणि लोकांनी इकडे यावं म्हणून नवे कायदेही होऊ देत नाही. म्हणजे अमेरिकेच्या जन्मदाखल्यावरच 'माणसं पाठवा' अशी मागणी नोंदलेली आहे.

कोणती माणसं, हा प्रश्न मात्र त्याआधीपासूनचा. 1751 मध्ये बेंजामिन फ्रँकलिन पेनसिल्व्हेनियात येणाऱ्या जर्मनांमुळे हैराण झाले होते. त्यांच्या मते फ्रेंच, रशियन, जर्मन आणि स्वीडिश हे सगळे सावळ्या वर्णाचे लोक. जर्मनांपैकी फक्त सॅक्सन गोरे. स्वीडनची माणसं सावळी ठरल्यावर आपण कुठे बसायचं?

1790 मध्ये नागरिकत्वाचा पहिला कायदा झाला. 'स्वतंत्र गोरी व्यक्ती', दोन वर्षांचं वास्तव्य आणि चांगली वर्तणूक, एवढ्यात काम होई. 'गोरी' म्हणजे नेमकी कोण, हे लिहायची गरज कोणाला वाटली नाही. त्या एका शब्दाने पुढे दीडशे वर्षं कोर्टांना घाम फोडला. वास्तव्याची अट 1795 मध्ये 5 वर्षं झाली, 1798 मध्ये फ्रेंचांच्या भीतीने थेट 14, आणि 1802 मध्ये पुन्हा 5. ती आजही तेवढीच आहे.

जाता जाता अल्बर्ट गॅलटिन यांची गोष्ट. जिनिव्हात जन्मलेले हे गृहस्थ 1793 मध्ये पेनसिल्व्हेनियातून सिनेटवर निवडून गेले. सिनेटरला 9 वर्षांचं नागरिकत्व लागतं आणि यांचं कमी भरतं, असं म्हणून सिनेटने त्यांना 1794 मध्ये बाहेर काढलं. 1801 मध्ये तेच गॅलटिन देशाचे अर्थमंत्री झाले. सदनात बसायला अपात्र ठरवलेल्या माणसाकडेच तिजोरीच्या किल्ल्या.

घुसखोर अमेरिकन

सीमेवरची घुसखोरी थांबवायला कडक कायदा केला तो मेक्सिकोने. टेक्सास तेव्हा मेक्सिकोचा प्रांत होता आणि अमेरिकेतून शेतकरी गाड्या भरभरून तिथे उतरत होते. 6 एप्रिल 1830 च्या कायद्याने मेक्सिकोने अमेरिकनांच्या येण्यावर बंदी घातली. लोक येतच राहिले. सहा वर्षांत टेक्सास मेक्सिकोच्या हातून गेलं.

पन्नास सेंट ते एक लाख डॉलर

आनंदीबाई जोशी 1883 च्या एप्रिलमध्ये कलकत्त्याहून बोटीत बसल्या आणि जूनमध्ये न्यूयॉर्कला उतरल्या. अठरा वर्षांची कल्याणची मुलगी, नऊवारी नेसून. त्यांना व्हिसा लागला नाही, कारण व्हिसा नावाची भानगडच तेव्हा नव्हती. ती आली पहिल्या महायुद्धाच्या धामधुमीत आणि 1924 च्या कायद्याने कायमची घरात शिरली. आनंदीबाईंच्या आदल्याच वर्षी, 1882 मध्ये, केंद्र सरकारने बाहेरून येणाऱ्या प्रत्येक प्रवाशामागे बोटवाल्याकडून 50 सेंट कर घ्यायला सुरुवात केली होती. त्याच कायद्याने गुन्हेगार, वेडे आणि स्वतःचं पोट न भरू शकणारे यांना दार बंद केलं. 'सरकारवर भार होईल असा माणूस नको' हे कलम आज मुलाने आईवडिलांना कायमचं बोलावताना भरायच्या आर्थिक हमीपत्रापर्यंत पोचलेलं आहे.

1886 च्या मार्चमध्ये आनंदीबाई फिलाडेल्फियात डॉक्टर झाल्या. तो सोहळा बघायला पंडिता रमाबाई इंग्लंडहून आल्या, त्याही व्हिसाविना. आणि 2025 च्या सप्टेंबरमध्ये नोकरीसाठीच्या एच-वन-बी व्हिसाच्या नव्या अर्जांवर 1 लाख डॉलर भरण्याचा आदेश निघाला. महागाई महागाई म्हणतात ती ही.

कागदाचा मुलगा, नूडल्सचा व्यापारी

1882 च्या आणखी एका कायद्याने चिनी मजुरांना बंदी केली. एका देशाचं नाव घेऊन दार लावण्याची ही पहिली खेप. मुदत दहा वर्षांची होती, पण ती वाढत गेली, 1902 मध्ये कायमची झाली आणि उठली थेट 1943 मध्ये. तीसुद्धा दुसऱ्या महायुद्धात चीन मित्र झाला म्हणून. बंदी उठल्यावर कोटा मिळाला तो वर्षाला 105 माणसांचा. अख्ख्या चीनसाठी.

पण बंदी मजुरांना होती. व्यापारी, विद्यार्थी, शिक्षक येऊ शकत होते. आणि 1898 मध्ये वोंग किम आर्क या सॅन फ्रान्सिस्कोत जन्मलेल्या स्वयंपाक्याने सुप्रीम कोर्टातून मिळवलेला निकाल सांगत होता, की अमेरिकेच्या भूमीवर जन्मला तो नागरिक, आईबाप कुठलेही असोत.

18 एप्रिल 1906 ला सॅन फ्रान्सिस्कोत भूकंप झाला. पाठोपाठ लागलेल्या आगीत गावाचं दप्तर जळालं आणि त्यात जन्मनोंदी गेल्या. आता 'मी इथेच जन्मलो' असं कोणी म्हटलं तर खोटं कसं ठरवणार? शेकडो चिनी पुरुष नागरिक झाले. मग ते चीनला जाऊन येत आणि परत आल्यावर 'मला मुलगा झाला' अशी नोंद करत. त्या नोंदीवर दुसऱ्याच कोणाचा तरी मुलगा येई. यांना म्हणत 'कागदी मुलगे'.

सरकारही काही झोपलं नव्हतं. 1910 मध्ये सॅन फ्रान्सिस्कोच्या खाडीत एंजल बेटावर ठाणं उघडलं आणि तिथे तोंडी परीक्षा सुरू झाली. तुमच्या घराला पायऱ्या किती? विहीर कुठल्या बाजूला? तांदळाची कणगी कुठे ठेवतात? शेजारच्या रांगेत तिसरं घर कोणाचं? मुलाचं उत्तर बापाच्या उत्तराशी ताडून पाहायचे. त्यासाठी मुलं बोटीवर अक्षरशः गाईड पाठ करत आणि बेट दिसू लागलं की ती वही समुद्रात भिरकावत. गंमत म्हणजे पाठ केलेला कागदी मुलगा पास होई आणि कधी कधी खरा मुलगाच पायऱ्या मोजताना चुके. आपल्या घराच्या पायऱ्या किती, हे न उठता सांगून बघा!

ताटकळलेल्यांनी तिथल्या लाकडी भिंतींवर कविता कोरल्या. इमारत पाडायची ठरली असताना 1970 मध्ये उद्यानाच्या एका रखवालदाराचं त्यांच्याकडे लक्ष गेलं. दोनशेहून जास्त कविता निघाल्या आणि त्यांच्यामुळे इमारत वाचली. 1956 मध्ये सरकारने 'खरं नाव सांगा, शक्यतो सांभाळून घेऊ' अशी कबुलीची योजना काढली तेव्हा हजारो माणसांनी आपली खरी आडनावं पहिल्यांदा सांगितली. कितीतरी घराण्यांत मात्र कागदी आडनावच पुढे चालू राहिलं.

आणि नूडल्स? 1915 मध्ये कोर्टाने रेस्टॉरंटचा मालकही 'व्यापारी' धरायला मान्यता दिली. अट एवढीच, की हॉटेल चांगल्या दर्जाचं हवं आणि मालकाने स्वतः कपबशा विसळायच्या नाहीत. झालं! पैसे गोळा करून हॉटेलं निघू लागली, भागीदार पाळीपाळीने 'मालक' होऊ लागले आणि आपापल्या माणसांना आणू लागले. चिनी माणसाला बाहेर ठेवायला केलेल्या कायद्याने अमेरिकेच्या गल्लीगल्लीत चिनी खानावळ उघडली.

चुकीची अ‍ॅनी

1 जानेवारी 1892 ला न्यूयॉर्कच्या बंदरात एलिस बेटावर स्थलांतरितांना तपासायचं ठाणं सुरू झालं. पहिली उतरली आयर्लंडच्या कॉर्कहून दोन भावांबरोबर आलेली अ‍ॅनी मूर. साहेबांनी तिला 10 डॉलरचं सोन्याचं नाणं दिलं. पुढे कित्येक वर्षं सगळीकडे सांगितलं जाई, की ही अ‍ॅनी टेक्सासला गेली आणि 1923 मध्ये ट्रामखाली सापडून वारली. तिचे वंशज समारंभांना मानाने येत. 2006 मध्ये वंशावळीच्या एका अभ्यासक बाईंनी कागदपत्रं तपासली तर ती टेक्सासवाली अ‍ॅनी निघाली इलिनॉयमध्ये जन्मलेली. म्हणजे जिचा स्थलांतरित म्हणून एवढा सत्कार झाला, ती बाहेरून आलीच नव्हती! खऱ्या अ‍ॅनीने सारा जन्म न्यूयॉर्कच्या गरीब वस्तीत काढला होता.

'एलिस बेटावरच्या कारकुनाने आमचं आडनाव बदललं' हे अमेरिकेतल्या निम्म्या घरांत सांगतात. पण कारकून नावं लिहीतच नसत. बोट सुटताना युरोपातच तयार झालेली प्रवाशांची यादी त्यांच्यापुढे असे आणि ते तिच्यावर खुणा करत. नावं बदलली ती लोकांनी स्वतःच, नंतर, दुकानाची पाटी रंगवताना नाहीतर नोकरीचा अर्ज भरताना. कारकुनावर ढकललं की बरं असतं.

डॉक्टर मात्र खरंच भयंकर. जिना चढणाऱ्या माणसांकडे बघत ते कोटावर खडूने अक्षर काढत. डोळ्याला ई, हृदयाला एच, लंगडेपणाला एल आणि डोकं ठीक नसल्याची शंका आली तर एक्स. डोळ्याच्या पापण्या उलट्या करून खुपऱ्या तपासायला जे हत्यार वापरत ते होतं बुटाची बटणं लावायचा आकडा. काही हुशार मंडळी खडूची खूण दिसू नये म्हणून कोट उलटा करून घालत. पहिल्या आणि दुसऱ्या वर्गाच्या उतारूंना यातलं काही नाही, त्यांची तपासणी बोटीवरच अदबीने उरके. 17 एप्रिल 1907 या एका दिवशी इथून 11,747 माणसं आत आली.

पाद्री, खुनी आणि गाणारा नवरा

1885 चा कायदा म्हणत होता, की नोकरी आधी ठरवून परदेशातून माणूस आणायचा नाही. नट, गवई, व्याख्याते आणि घरगडी यांना सूट. यादीत पाद्री लिहायचा राहून गेला. न्यूयॉर्कच्या होली ट्रिनिटी चर्चने इंग्लंडहून धर्मगुरू बोलावला आणि चर्चवर खटला भरला गेला. 1892 मध्ये सुप्रीम कोर्टाने कायद्याची अक्षरं बाजूला ठेवली आणि सांगितलं, की एवढा धार्मिक देश पाद्र्याला अडवायचा कायदा करेल असं मानताच येत नाही.

1901 मध्ये राष्ट्राध्यक्ष मॅककिन्ली यांचा एका अराजकवाद्याने खून केला. खुन्याचं नाव लिऑन चोलगोश. ते आडनाव ऐकून सगळ्यांची खात्री पटली, की हे बाहेरून आलेलं संकट आहे. 1903 मध्ये परदेशी अराजकवाद्यांना बंदी झाली. चोलगोशचा जन्म मिशिगनचा.

1907 च्या कायद्याने अमेरिकन बाईने परदेशी माणसाशी लग्न केलं, की तिचं नागरिकत्व जाई. कॅलिफोर्नियात जन्मलेल्या एथेल मॅकेंझी यांनी 1909 मध्ये एका स्कॉटिश गायकाशी लग्न केलं. नवरा कॅलिफोर्नियात, संसार कॅलिफोर्नियात. 1911 मध्ये त्या राज्यात बायकांना मताचा अधिकार मिळाला, बाई हौसेने नाव नोंदवायला गेल्या तर कळलं, की आपण ब्रिटिश आहोत. 1915 मध्ये सुप्रीम कोर्टही म्हणालं, लग्न तुम्ही राजीखुशीने केलंत ना? आपल्याकडे लग्नात आडनाव बदलतं, घर बदलतं. या बाईंचा देशच बदलला, तोही जागचं न हलता. 1922 मध्ये कायदा सुधारला, पण अर्धवट. नवरा आशियातला असेल तर नागरिकत्व जाणं 1931 पर्यंत चालू राहिलं.

गोरा म्हणजे कोण, न्यायमूर्ती?

आता त्या 1790 च्या 'गोऱ्या'कडे वळू. 1878 पासून 1952 पर्यंत पन्नासेक खटले असे झाले, ज्यांत माणूस कोर्टात उभा राहून 'मी गोरा आहे' असं सिद्ध करू पाहत होता. 1870 नंतर आफ्रिकी वंशाच्या लोकांनाही नागरिकत्व मिळू शकत होतं, पण तो मार्ग जवळपास कोणी धरला नाही. सगळ्यांना गोरंच व्हायचं होतं. आर्मेनियन 1909 मध्ये गोरे ठरले. सीरियनांचं एका कोर्टात जमे, दुसऱ्यात फिसकटे. भिकाजी बलसारा नावाचे एक पारशी गृहस्थ 1910 मध्ये अपिलातही गोरे ठरले.

1922 च्या नोव्हेंबरमध्ये ताकाओ ओझावा यांचा खटला सुप्रीम कोर्टात आला. वीस वर्षं अमेरिकेत, शिक्षण तिथलं, घरात इंग्रजी. कोर्ट म्हणालं, प्रश्न कातडीच्या रंगाचा नाही. गोरा म्हणजे कॉकेशियन वंशाचा, आणि जपानी माणूस कॉकेशियन नाही. निकालपत्र लिहिलं न्यायमूर्ती जॉर्ज सदरलँड यांनी.

हे वाचून भगतसिंग थिंद यांच्या बाजूला हुरूप आला असणार. थिंद पंजाबचे शीख. पहिल्या महायुद्धात पगडी घालून अमेरिकेच्या सैन्यात होते, सार्जंट झाले होते. त्या काळच्या मानववंशशास्त्राच्या पुस्तकांत उत्तर हिंदुस्थानातले लोक चक्क कॉकेशियन लिहिलेले. कोर्टानेच आखलेल्या रेघेवर थिंद उभे होते. त्यांच्या वकिलांपैकी एकाचं नाव वाचून मराठी वाचकाचे कान टवकारतील. सखाराम गणेश पंडित, मुक्काम लॉस एंजेलिस.

ओझावा निकालाला जेमतेम तीन महिने झाले होते. 19 फेब्रुवारी 1923 ला त्याच सदरलँड यांनी लिहिलं, की शास्त्र काय म्हणतं ते राहू द्या, सामान्य माणूस ज्याला गोरा म्हणतो तोच गोरा. थिंद बाद. जपान्याला शास्त्राने बाहेर ठेवलं आणि शास्त्राने आत येऊ पाहणाऱ्याला सामान्य माणसाने. सदरलँड स्वतः इंग्लंडमध्ये जन्मलेले, तान्हेपणी आईबापांबरोबर आलेले, हेही सांगून ठेवतो.

निकालामागोमाग सरकारने आधीच नागरिक झालेल्या पन्नासहून जास्त हिंदुस्थानी लोकांची नागरिकत्वं परत मागायला सुरुवात केली. सॅन फ्रान्सिस्कोतले दुकानदार वैष्णोदास बगाई यांचं नागरिकत्व गेलं, दुकान गेलं, हिंदुस्थानात जाऊन यायला पासपोर्टही मिळेना. 1928 मध्ये त्यांनी आत्महत्या केली आणि कारण सांगणारं पत्र वर्तमानपत्राला लिहून ठेवलं. आज बर्कलेतल्या एका रस्त्याला त्यांच्या पत्नीचं, काला बगाई यांचं, नाव आहे.

पुढची पाळी पंडितांची. ते 1914 मध्ये नागरिक झाले होते. सरकारला वाटलं, थिंद हरले तिथे त्यांचा वकील काय टिकणार? पंडितांनी स्वतःच्या खटल्यात गोरेपणाचा वाद टाळला. त्यांचं म्हणणं असं, की 1914 मध्ये कोर्टाने सगळं तपासून मला नागरिक केलं, तेव्हा तुम्ही अपील केलं नाही, आता जुनी फाइल उकरता येणार नाही. शिवाय माझं नागरिकत्व गेलं तर माझ्या अमेरिकन बायकोचंही जाईल. 1926 मध्ये अपील कोर्टाने त्यांचं ऐकलं, पुढच्या वर्षी सुप्रीम कोर्टाने सरकारचं म्हणणं ऐकूनच घेतलं नाही आणि उरलेल्यांवरचे खटले सरकारने गुंडाळले. अशिलाचा खटला गेला, स्वतःचा जिंकला, आणि त्यात बाकीचेही तरले. आपल्या शाळेच्या पुस्तकांत हा माणूस कसा नाही, कोण जाणे.

थिंद यांना 1936 मध्ये नागरिकत्व मिळालं, माजी सैनिकांसाठी झालेल्या वेगळ्या कायद्याने. एका माणसाला किती वेळा नागरिक करायचं? ही त्यांची तिसरी खेप होती.

मध्यरात्रीची शर्यत

1917 मध्ये वाचनाची परीक्षा आली. सोळा वर्षांवरच्या माणसाने कुठल्याही एका भाषेतले तीस-चाळीस शब्द वाचून दाखवायचे. चिठ्ठीवर बहुतेकदा बायबलमधला उतारा असे. खुद्द राष्ट्राध्यक्ष विल्सन यांचा नकाराधिकार ओलांडून हा कायदा झाला, आणि तोवर युरोपात शाळा एवढ्या झाल्या होत्या, की नापास होणारे अगदी थोडे निघाले. त्याच कायद्याने हिंदुस्थानासह बराचसा आशिया मात्र नकाशावर रेघ मारून बंद केला.

मग 1921 मध्ये प्रत्येक देशाला कोटा मिळाला. एका महिन्यात वर्षाच्या कोट्यातले 20 टक्केच. त्यामुळे दर महिनाअखेरीला न्यूयॉर्कच्या बंदराबाहेर बोटी दबा धरून उभ्या असत आणि घड्याळात बारा वाजले, की सगळ्या एकदम आत घुसत. जी मागे राहील तिचे उतारू परत! दादर स्टेशनावर विरार लोकलला जे दिसतं तेच, फक्त आगबोटींचं.

1924 मध्ये कोटा आणखी आवळला आणि त्यासाठी जनगणना धरली 1890 ची, कारण त्या साली इटालियन आणि पूर्व युरोपातले लोक कमी होते. इटलीचा कोटा 42,057 वरून 3,845 वर आला. हिंदुस्थानलाही 100 चा कोटा होता, पण नागरिक होऊ शकत नाही अशा माणसाला प्रवेश नव्हता. म्हणजे हिंदुस्थानच्या कोट्यावर हिंदुस्थानी माणूस सोडून कोणीही, उदाहरणार्थ पुण्याच्या लष्करात जन्मलेला साहेबाचा पोरगा, जाऊ शकत होता.

त्याच साली सीमेवरचं गस्ती पथक उभं राहिलं. सरकार शिपायाला बिल्ला आणि रिव्हॉल्वर देई, वर्षाला 1,680 डॉलर पगार देई आणि घोड्यासाठी दाणा-वैरणही देई. घोडा आणि खोगीर ज्याचं त्याने आणायचं.

हिरवं नसलेलं ग्रीन कार्ड

हिरवं कार्ड दुसऱ्या महायुद्धानंतर आलं. पण 1964 मध्ये ते निळं झालं आणि पुढे गुलाबी छटांचंही झालं. नाव काही बदललं नाही. शेवटी 2010 मध्ये सरकारनेच लाजून ते पुन्हा हिरवं केलं. मधल्या पंचेचाळीस वर्षांत एडिसनपासून सॅन होजेपर्यंत ज्यांनी ज्यांनी 'ग्रीन कार्ड आलं' म्हणून घरी पेढे वाटले, त्यांच्या हातात वेगळाच रंग होता.

1952 च्या कायद्याने वंशाची अट गेली आणि साम्यवाद्यांची धास्ती आली. त्याच वर्षी चार्ली चॅप्लिन नव्या चित्रपटासाठी लंडनला निघाले, तर बोट समुद्रात असतानाच त्यांचा परतीचा परवाना रद्द झाला. ते पुन्हा अमेरिकेत पाय ठेवायला आले 1972 मध्ये, मानद ऑस्कर घ्यायला.

चाळीस वर्षांचं उट्टं

इमॅन्युएल सेलर हे ब्रुकलिनचे खासदार. 1924 मध्ये नवखे असताना त्यांनी कोट्याच्या कायद्याविरुद्ध तळमळून भाषण केलं आणि ते हरले. 1965 मध्ये तो कायदा पुसून टाकणाऱ्या विधेयकावर त्यांचंच नाव होतं. मधल्या काळात, 1946 मध्ये, हिंदुस्थानी लोकांना नागरिकत्वाचा हक्क आणि वर्षाला 100 जागा मिळवून देणाऱ्या कायद्यातही त्यांचंच नाव जोडलेलं. आपल्या मराठी मंडळांनी या गृहस्थांचा फोटो गणपतीशेजारी नसला तरी निदान दारात लावायला हरकत नाही.

1965 च्या कायद्यात एका कुंपणावरच्या खासदाराने, मायकेल फीगन यांनी, अट घातली, की हुशारीपेक्षा नात्याला जास्त जागा द्या. हिशेब साधा होता. अमेरिकेत आधीच युरोपातले लोक आहेत, ते आपलेच भाऊ-बहीण आणतील आणि रंग बदलणार नाही. 3 ऑक्टोबर 1965 ला स्वातंत्र्यदेवतेच्या पायाशी सही करताना राष्ट्राध्यक्ष जॉन्सनही म्हणाले, की हा काही क्रांतिकारक कायदा नव्हे. तोवर युरोपात बरे दिवस आले होते, तिथून फारसं कोणी आलंच नाही. आशियातून एक डॉक्टर किंवा एक इंजिनिअर आला, त्याने बायको आणली, मग भाऊ, मग आईवडील, मग मेहुणा. एकत्र कुटुंबपद्धती म्हणजे काय, हे फीगनसाहेबांना कोणी सांगितलं नसावं.

त्याच कायद्यातलं समानतेचं कलम मात्र आता आपल्याच पायात येतं. प्रत्येक देशाला मर्यादा सारखी, आज 7 टक्के. चार लाखही वस्ती नसलेल्या आइसलँडला जेवढी, तेवढीच भारताला. म्हणून ग्रीन कार्डाच्या रांगेत उभा राहिलेला पुण्याचा इंजिनिअर केस पांढरे होईपर्यंत उभाच. आणि ज्या एच-वन-बीच्या जोरावर तो गेला, त्याच वर्गात 1990 च्या दशकापासून फॅशन मॉडेलही बसतात. अट फक्त नामवंत असण्याची, त्यांना पदवी लागत नाही.

ग्रीन कार्डाच्या लॉटरीचीही एक तऱ्हा. 1991 मध्ये, मुख्यतः आयरिश लोकांना डोळ्यांसमोर ठेवून, पोस्टाने अर्ज मागवले. एकाने कितीही पाठवा, आधी पोचेल त्याचा नंबर. व्हर्जिनियातल्या मेरीफील्डच्या पोस्टाबाहेर लोक पोती भरभरून पाकिटं घेऊन तळ ठोकून बसले आणि पोस्टावर कोटीहून जास्त पत्रांचा ढीग पडला. आताच्या लॉटरीत भारतीयांना चिठ्ठीच टाकता येत नाही. आपण आधीच फार आलो आहोत.

जॉन लेननचा वाढदिवस

1972 मध्ये सरकारला जॉन लेननला हाकलायचं होतं. कारण कागदावर होतं लंडनमधलं 1968 चं चरसचं प्रकरण, मनात होतं त्याचं युद्धविरोधी राजकारण. त्याच्या वकिलाने सरकारी फायली खणल्या तेव्हा एक गुपित सापडलं. काही परदेशी लोकांना सरकार गुपचूप 'घाई नाही' या खात्यात टाकून राहू देत होतं आणि त्याचा कायद्यात कुठे पत्ता नव्हता. ही प्रथा उघड झाली आणि 2012 मध्ये लहानपणी आणल्या गेलेल्या लाखो मुलांना तात्पुरतं संरक्षण मिळालं ते याच वाटेने. लेनन 7 ऑक्टोबर 1975 ला खटला जिंकला. दोन दिवसांनी त्याचा पस्तिसावा वाढदिवस होता, आणि त्याच दिवशी त्याला मुलगा झाला.

ओले पाय, कोरडे पाय

1995 पासून 2017 पर्यंत क्युबाच्या लोकांसाठी नियम होता, की समुद्रात पकडले गेलात तर परत, जमिनीला पाय लागला तर राहा. 2003 मध्ये बारा जण 1951 च्या शेव्हर्ले ट्रकला पिंपं आणि पंखा बसवून फ्लोरिडाकडे निघाले. ट्रक समुद्रात चांगला चालला होता. तटरक्षक दलाने माणसं परत पाठवली आणि ट्रक बुडवला. तो ठेवून घेतला असता तर!

2006 च्या जानेवारीत पंधरा जण फ्लोरिडातल्या एका जुन्या पुलावर चढले. पूल मोडका, मधले तुकडे काढलेले, त्यामुळे ज्या खांबांवर ते उभे होते तो भाग किनाऱ्याला जोडलेला नव्हता. सरकारी वकिलांनी बराच खल करून ठरवलं, की पूल अमेरिकेचा असला तरी इथे पाय ओलेच. सगळ्यांना क्युबाला रवाना केलं. पुढच्या महिन्यात न्यायाधीश म्हणाले, पूल तो पूलच, यांना परत पाठवणं चूक होतं.

बेटच सरकलं

एलिस बेट 1954 मध्ये बंद झालं. मूळचं बेट जेमतेम 3 एकरांचं. गर्दी वाढली तसा समुद्रात भराव घालत ते 27 एकरांवर नेलेलं. बेट आपलंच, असं न्यूयॉर्कने गृहीत धरलं होतं. शेजारच्या न्यू जर्सीने दावा ठोकला आणि 1998 मध्ये सुप्रीम कोर्टाने सांगितलं, की मूळ 3 एकर न्यूयॉर्कचे, भराव न्यू जर्सीचा. दवाखाना भरावावर. म्हणजे खडूच्या खुणा घेऊन, डोळ्यांत औषध घालून, खिडकीतून न्यूयॉर्ककडे बघत जे बसले होते, ते सगळा वेळ न्यू जर्सीत होते.

मावशींची लेकही तिथेच असते. एडिसनला.